ऑनलाइन गणित शिकवायचंय? आधी वही मागवा

मी चाळीसगाव तालुक्यातल्या एका गावात नववी-दहावीला गणित शिकवते, आणि संध्याकाळी तेच मोबाइलवरही शिकवते. माझ्या शाळेतली पोरं त्यात असतातच. शिवाय दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला गेलेली असतात, शिकायला मामाकडे राहिलेली असतात, आणि धडगावकडच्या एका ओळखीच्या शिक्षकांची काही मुलंही असतात. हे बघून नवे शिक्षक आणि कॉलेजातली पोरं विचारायला येतात: माइक कुठला घेऊ, ॲप कुठलं बरं, चॅनेलला नाव काय देऊ? मी सगळ्यांना एकच सांगते. दहा पोरांच्या वह्या तुमच्यापर्यंत कशा पोहोचतील ते आधी ठरवा, माइकचं मागून बघू.

वर्गात आपण बाकांमधून फिरतो. खांद्यावरून नुसती नजर टाकली तरी कळतं की याने पद पलीकडे नेताना चिन्ह बदललं नाही, तिने कंस सोडवताना दुसऱ्या पदाला गुणलंच नाही. मोबाइलवर हे फिरणं बंद होतं. आपलं लिहिलेलं त्यांना दिसतं, त्यांचं आपल्याला दिसत नाही. मग "समजलं का?" विचारलं की तिकडून "हो मॅडम" येतं आणि आपण पुढच्या उदाहरणाकडे वळतो. ऑनलाइन गणित फसतं ते बहुतेक वेळा इथेच.

मोर, साप आणि १८ हे उत्तर

हे एका उदाहरणातून दाखवते. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आमच्याकडचे सगळेच जातात, पण तिथल्या शिलालेखाबद्दल पोरांना फारसं कोणी सांगत नाही. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला, असं त्या लेखात आहे. त्यात शके ११२८चा उल्लेख आहे, म्हणजे तेराव्या शतकाची सुरुवात. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या डोंगरात आठशे वर्षांपूर्वी गणित शिकवायची सोय केलेली होती, हे पोरांना माहीत असलंच पाहिजे. म्हणून माझ्या नव्या गटाचं पहिलं उदाहरण मी भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं देते. ग्रंथ ११५० सालचा आहे.

नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ आहे. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून, म्हणजे २७ हातांवरून, साप बिळाकडे येताना मोराला दिसतो. मोर तिरकी झेप घेतो. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर गाठ बिळापासून किती हातांवर पडेल?

गाठ बिळापासून क हातांवर पडते असं धरू. मग साप २७ − क चालला. मोराची झेप हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण, म्हणून

८१ + क² = (२७ − क)²
८१ + क² = ७२९ − ५४क + क²
५४क = ६४८
क = १२

ताळा करून बघा. साप २७ − १२ = १५ हात चालला. मोर ८१ + १४४, म्हणजे २२५ च्या वर्गमुळाइतका, तोही १५ हात. वर्गाचं पद दोन्हीकडून उडालं आणि भीतीदायक दिसणारं गणित साध्या एका चलाच्या समीकरणावर आलं, याचा आनंद पोरांना होतोच.

आता काही पोरांचं उत्तर १८ येतं. का येतं? ती (२७ − क)² चं विस्तार रूप ७२९ − क² असं लिहितात. मग ८१ + क² = ७२९ − क², पुढे २क² = ६४८, क² = ३२४, आणि क = १८. बघा कसं सुबक पूर्णांक उत्तर आलं! दशांश नाही, वर्गमूळ अडलं नाही, त्यामुळे पोराला शंका यायचं कारणच उरत नाही. ताळा केला तर मात्र साप ९ हात चालतो आणि मोराची झेप ४०५ चं वर्गमूळ, म्हणजे वीस हातांच्याही थोडी पुढे जाते.

फक्त उत्तर मागवलं असतं तर माझ्यापर्यंत "१८" एवढंच आलं असतं. मी समजले असते की याला पायथागोरस आला नाही, आणि तो पुन्हा शिकवत बसले असते. पायथागोरस त्याला पक्का येत होता. चूक दुसऱ्या ओळीत होती आणि तिचा त्रिकोणाशी काही संबंध नव्हता. त्याला द्यायचं होतं ते एवढंच: (१० − ३)² किती? ७ चा वर्ग, ४९. आणि १०० − ९? ९१. मग हे दोन सारखे कसे असतील? एवढ्यावर पोरगं स्वतःच दुसऱ्या ओळीकडे परत जातं.

वही मागवायची कशी

पोरांना पहिल्याच दिवशी फोटो काढायला शिकवा. पाच मिनिटं लागतात, पण पुढे वर्षभर डोळे वाचतात. वही ओट्यावर उजेडात ठेवायची, फोन बरोबर वर आडवा धरायचा, स्वतःची सावली पानावर पडू द्यायची नाही. एका पानावर एकच उदाहरण. वर नाव आणि उदाहरणाचा क्रमांक. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि पेन्सिलचं लिखाण पुसट होतं, म्हणून एचडी निवडून पाठवायला सांगा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून. खोडरबर बंद. चुकलं तर आडवी एक रेघ मारायची आणि खाली पुन्हा लिहायचं. खोडलेल्या ओळीतच मला सगळ्यात जास्त कळतं.

फोटो आला की व्हॉट्सॲपमध्येच लाल पेनने ती चुकलेली एक ओळ गोल करा. बरोबर उत्तर लिहू नका. सोबत छोटा व्हॉइस मेसेज पाठवा: "वरच्या ओळीवरून या ओळीवर तू कसा आलास ते मला सांग." आणि पोराला बोलूनच उत्तर द्यायला लावा. आमच्याकडे घरी अहिराणी बोलतात. पोरगं अहिराणीत सांगायला लागलं की मोकळं होतं, आणि निम्म्या वेळा सांगता सांगता स्वतःच थांबतं: "मॅडम, आठे चुकनं." म्हणजे, इथे चुकलं. हे ऐकायला मिळावं म्हणून मी हा सगळा खटाटोप करते.

तीस वह्या रोज अशा बघणं होत नाही. करायचंही नाही. मी गट पाडते. सोमवारी एका गटाच्या वह्या, मंगळवारी दुसऱ्या. बाकीच्यांसाठी गुगल फॉर्म चालतो, पण त्यातले पर्याय वह्यांमधून काढा. मोर-सापाच्या उदाहरणाला १२, १८, १३.५ आणि ९ असे पर्याय दिले, तर १८ निवडणाऱ्याची चूक मला वही न बघता कळते. १३.५ वाल्याने २७ चं निम्मं केलंय, ९ वाल्याने खांबाचीच उंची उचललीय. मनाला येतील ते आकडे घातलेला फॉर्म फक्त गुण सांगतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. कोणाच्याही चुकलेल्या वहीचा फोटो नावासकट गटावर टाकू नका. चूक सगळ्यांना दाखवण्यासारखी असेल तर ती आपल्या अक्षरात पुन्हा लिहून टाका. आणि मुलींचे नंबर गटातल्या सगळ्यांना दिसतात, हे विसरू नका. मी त्यासाठी ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरते. तिच्यात २५६ जणांपर्यंत नंबर घालता येतात आणि कोणालाच दुसऱ्याचा नंबर दिसत नाही. फक्त समोरच्याने आपला नंबर सेव्ह केलेला हवा, नाहीतर निरोप पोहोचत नाही. नंबर आईचा किंवा वडिलांचाच घ्या, आणि घेताना काय पाठवणार आहात ते त्यांना फोन करून सांगा.

फोन घरी कधी असतो

दुपारी चारला लाइव्ह वर्ग ठेवणाऱ्यांना मला हे विचारायचं असतं. शेतकऱ्याच्या घरात एकच फोन असतो आणि तो दिवसभर वडिलांच्या खिशात शेतात असतो. कापसाच्या वेचणीत तर पोरंही शेतातच असतात. फोन घरी येतो दिवेलागणीला, पोराच्या हातात येतो जेवणं झाल्यावर. त्यात कधी लाइट नसते, कधी चार्जिंग नसतं.

म्हणून शिकवणं व्हिडिओत, वही फोटोत, आणि लाइव्ह फक्त शंकांसाठी, असं मी वाटून घेतलंय. व्हिडिओ सकाळीच पाठवून ठेवायचा, पोरगं रात्री बघेल. शंकांची बैठक रविवारी रात्री, मोजक्या पोरांची. झूम फुकटात ४० मिनिटं मिळतं, गुगल मीट तासभर. शंकांना तेवढा वेळ पुरतो. त्यात मी एक आकडेमोड देते, दोन मिनिटं गप्प बसते आणि मग सगळ्यांना वह्या कॅमेऱ्यासमोर धरायला लावते. आवाज तुटायला लागला तर आधी आपला कॅमेरा बंद करा. उदाहरणाचा फोटो आधीच पाठवलेला असेल तर नुसत्या आवाजावर गणित चालतं.

सातपुड्यात आत रेंजच नसते, तिथे इंटरनेटचा आग्रह धरू नका. साधा फोन आणि कॉन्फरन्स कॉल घ्या. चार पोरं एकत्र जोडा, प्रत्येकाच्या हातात पुस्तक, आणि "पान उघडा, तिसरं उदाहरण, पहिली ओळ काय लिहिलीस ते वाच" असं करत जा. पोराने ओळ वाचून दाखवली तरी ती वहीच झाली की. भूमितीला हे अवघड जातं, बीजगणिताला उत्तम चालतं.

आपलं लिहिलेलं दाखवताना

महागडं काही लागत नाही. दोन उंच डबे, त्यावर आडवी पट्टी किंवा फळी, फळीच्या कडेवर कॅमेरा खाली बघेल असा फोन, आणि खाली पॅडला चिमटा लावून कागद. चिमटा हवाच, कारण मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, पंखा बंद करणं शक्य नसतं, आणि पंख्याने कागद उडतो. पंख्याची घरघर आवाजात येते म्हणून मी रेकॉर्डिंग पहाटेच उरकते. दिवा डाव्या हाताला ठेवा, म्हणजे उजव्या हाताची सावली लिखाणावर येत नाही. डावखुरे असाल तर उलट. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन मांडणीत कोणाचा तरी कॉल येतो.

बॉलपेन नको, जाड टोकाचं जेल पेन किंवा स्केचपेन घ्या. कागद बिनरेघी, शाळेत पाठकोऱ्या कागदांचा ढीग असतो, तोच वापरा. एका कागदावर सहा-सात ओळीच येतील एवढं मोठं लिहा. पाचशे रुपयांच्या जुन्या हँडसेटच्या चिरलेल्या काचेतून ते वाचलं जाणार आहे, हे लक्षात ठेवा. रिझोल्यूशन ४८० ठेवलं तरी एवढ्या मोठ्या अक्षरातले आकडे स्वच्छ दिसतात आणि पोरांचा डेटा वाचतो.

आधीच टाइप केलेल्या स्लाइड लावून गणित शिकवू नका, असं माझं ठाम मत आहे. स्लाइडवर समीकरण एकदम पूर्ण उगवतं. पोराला बघायचं असतं ते हात कुठे थांबतो, बरोबरचं चिन्ह बरोबरच्या चिन्हाखाली कसं येतं, ५४क पलीकडे नेताना आधी चिन्ह लिहिलं की आकडा. हे फक्त लिहिणाऱ्या हातात दिसतं. बोलाल तेच लिहा, लिहाल तेच बोला. आणि उत्तराकडे जाण्याआधी "इथे व्हिडिओ थांबव आणि पुढची ओळ तू लिही" असं म्हणून खरंच थोडं थांबा.

एका व्हिडिओत एकच उदाहरण. पाच-सहा मिनिटं खूप झाली. चेहरा दाखवायची गरज नाही.

भूमितीसाठी आणि आलेखांसाठी जिओजेब्रा हे ॲप घ्याच. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियात शिकत असताना ते सुरू केलं. फुकट आहे, आणि एकदा फोनवर घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. मोर-साप त्यात असा मांडा: बीळ (०, ०) वर, मोर (०, ९) वर, साप (२७, ०) वर. ० ते २७ चालणारा एक स्लायडर घ्या, नाव क. (क, ०) हा बिंदू टाका, तिथून मोरापर्यंत आणि सापापर्यंत रेषाखंड काढा आणि दोन्हींची लांबी पडद्यावर दिसू द्या. पोराला एवढंच सांगा, दोन्ही आकडे सारखे होईपर्यंत सरकव. १२ वर दोन्हीकडे १५ दिसतं. १८ वाल्याला १८ वर थांबायला सांगा, तिथे एकीकडे ९ आणि दुसरीकडे २०.१२ दिसेल. आपल्याला काही बोलावं लागत नाही. मग खांबाची उंची बदला, आणि साप तिप्पट अंतरावरच ठेवा. बीळ ते गाठ हे अंतर खांबाच्या किती पट येतं ते शोधायला सांगा. हे काम वर्गाच्या फळ्यावर करताच येत नाही. मोबाइलचा इथे खरा फायदा आहे.

लिहून पाठवताना

मेसेजमध्ये टाइप केलेलं गणित फार घात करतं. "१/२क" म्हणजे अर्धा क, की १ भागिले २क? वाचणारा आपल्या मनाचं घेतो. कंस घाला: (१/२)क, किंवा १/(२क). घात दाखवायला ^ हे चिन्ह, जसं क^२. दोनपेक्षा जास्त ओळी असतील तर टाइप करूच नका, कागदावर लिहून फोटो पाठवा.

सराव पत्रिका नीट छापील हवी असेल तर लाटेक (LaTeX) शिका, म्हणजे संगणकावर गणित सुबक मांडायची प्रणाली. त्याच्या मुळाशी डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ मध्ये आणलेली टेक ही प्रणाली आहे. स्वतःच्या गणिती पुस्तकाची छपाई मनासारखी होईना म्हणून त्यांनी ती बनवली. ओव्हरलीफ या संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच काम होतं. मराठीसाठी तिथल्या सेटिंगमध्ये कंपायलर झीलाटेक निवडा आणि देवनागरी युनिकोड फॉन्ट द्या, नोटो चालतो. सुरुवातीला वेळ जातो, पण एकदा साचा तयार झाला की दरवर्षी फक्त आकडे बदलायचे.

बहुतेक शाळा सेमी-इंग्रजी आहेत, म्हणून छेद आणि डिनॉमिनेटर दोन्ही शब्द बोला आणि पुढे चला.

सगळ्यांसाठी टाकताना

आपले पाच-पंचवीस व्हिडिओ पोरांच्या वह्यांवर घासून झाले की मगच यूट्यूबवर टाका. शीर्षकात इयत्ता, भाग आणि नेमका प्रकार लिहा: "दहावी, गणित भाग १, वर्गसमीकरण, पूर्ण वर्ग पद्धत". परीक्षेच्या आदल्या रात्री घाबरलेलं पोरगं हेच शब्द शोधतं. "जबरदस्त ट्रिक" असं लिहू नका. ट्रिक दिली की पोराचा त्या दिवसाचा प्रश्न सुटतो आणि मंडळाच्या पेपरात प्रश्न जरा फिरवून आला की तो अडकतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण अडकतात ती मेहनती पोरंच.

गाइडची पानं स्कॅन करून वाटू नका, तो दुसऱ्याचा माल आहे. बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन फुकट मिळतात आणि पुस्तकातल्या क्यूआर कोडवर दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपचं साहित्य उघडतं. पोरांना तिकडे पाठवा. आपला व्हिडिओ इतर शिक्षकांनी वापरावा असं वाटत असेल तर अपलोड करताना क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना निवडा, म्हणजे नंदुरबारच्या एखाद्या शिक्षकाला न विचारता, फक्त तुमचं नाव देऊन, तो वापरता येईल.

आजच सुरुवात करायची असेल तर हे पाठवा. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी शोधलेली गंमत आहे. दारात उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या नंबराचे चार अंक घ्यायचे, चारही सारखे नकोत. ते उतरत्या क्रमाने लिहायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आणि उत्तराचं पुन्हा तेच करायचं. ५०३८ घेतला तर ८५३० − ०३५८ = ८१७२, मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. तिथून पुढे कितीही केलं तरी ६१७४ च. कुठल्याही नंबराला सातपेक्षा जास्त वजाबाक्या लागत नाहीत.

एका ठिकाणी पोरं हमखास अडतात, ते आधी सांगू नका, वहीत बघा. २१११ घेतलं की पहिलीच वजाबाकी २१११ − १११२ = ९९९ येते. ज्याने ९९९ लिहिलं त्याला पुढे शून्य मिळतं आणि तो म्हणतो कापरेकर चुकले. ज्याने ०९९९ लिहून चार घरं सांभाळली तो ९९९० − ०९९९ = ८९९१ करून पुढे जातो आणि ६१७४ ला पोहोचतो. आणि जो नुसतं "मॅडम, ६१७४ आलं" असा मेसेज टाकेल, त्याला सगळ्या वजाबाक्यांचा फोटो मागा.